अप्पांचा आवाज, सीमध्ये आणि डीमध्ये

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि साधं मीठ मागायचं झालं तरी ओरडून मागायचे. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. दिवसभर इंजिनांशी भांडणाऱ्या माणसाला हळू बोलणं जमत नाही, असं आई शेजारणींना समजावून सांगायची, कारण आमच्या घरात रोज काहीतरी पेटलेलं असतं असं भिंतीपलीकडच्यांना वाटायचं. पण हाच माणूस पेटी पुढ्यात घेऊन गायला बसला की असा काही आवाज लावायचा, की मांडवातली किरकिरणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. मुलगी म्हणून कौतुक सांगत नाही. मुलगी म्हणून मला त्यांचा रागच जास्त यायचा.

आम्ही नगरला सावेडीत दोन खोल्यांत राहत होतो, पण मूळ गाव पाथर्डी तालुक्यातलं. तिथल्या गायन पार्टीत अप्पा मुख्य गायक. जयंती एका दिवसाची असली तरी आमच्याकडे ती एप्रिल-मे असे दोन महिने पुरायची. गायन पार्ट्या मोजक्या आणि गावं फार, त्यामुळे प्रत्येक गाव आपापल्या सोयीने दिवस धरायचं. ऊसतोडीला गेलेली माणसं तोवर कारखान्यांवरून परतलेली असायची, विहारापुढे मांडव पडायचा, निळ्या पताका लागायच्या. अप्पा वर्षभर रजा साठवायचे ती ह्या दोन महिन्यांसाठी. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला ते एकदाही आले नाहीत. रजा शिल्लक नाही म्हणायचे.

आई मात्र प्रत्येक कार्यक्रमाला जायची आणि सगळ्यात मागे बसायची. तो त्या दोघांचा रिवाज होता. पुढचे पुढारी कितीही माना डोलावू देत, मागच्या बायकांपर्यंत आवाज पोचला नाही तर गाणं फुकट गेलं, असं अप्पांचं मत. भाड्याच्या स्पीकरवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. म्हणून पहिल्या गाण्याआधी ते माईकवरून विचारायचे, ‘‘मागं ऐकू येतंय का?’’ मग आई हात वर करायची आणि तो दिसला की अप्पा पेटीच्या भात्याला हात घालायचे. एकदा खर्ड्याला जाताना वाटेतच दोघांचं वाजलं होतं. आईने हात वर केलाच नाही. अप्पा माईकवर टकटक करत बसले, स्पीकरवाला वायरी उपसून घामाघूम झाला, शेवटी आईच्या शेजारच्या बाईने तिचं मनगट धरून वर केलं तेव्हा कुठे कार्यक्रम सुरू झाला.

हे सगळं टेप व्हायचं. माझ्या मामाने एक टू-इन-वन घेतला होता, तो स्टेजच्या कडेला स्पीकरपाशी ठेवलेला असायचा. कॅसेटवर गाण्यांची नावं लिहायची पद्धत अप्पांना मान्य नव्हती. ते गावाचं नाव लिहायचे. खर्डा, श्रीगोंदा कारखाना, पाथर्डी जुना स्टँड. ‘‘गाणी तीच असत्यात, माणसं येगळी असत्यात,’’ असं त्यांचं म्हणणं. त्या कॅसेटी पत्र्याच्या एका पेटीत असायच्या आणि त्या पेटीवर काही ठेवलेलं त्यांना चालायचं नाही.

मग त्यांचा घसा बसला. आधी खोकला म्हणून काढे झाले, मग नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तंबाखूने डाव साधला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल, मानेला पुढून भोक ठेवू, श्वास तिथून घ्यायचा. अप्पांनी विचारलं, गाता येईल का? डॉक्टर म्हणाले, बोलताही येणार नाही, पण जगाल. अप्पांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, ‘‘जगायचं.’’ तिने दुसरं काही म्हणायला जागाच ठेवली नाही.

ऑपरेशनला नेताना ढकलगाडीवरून ते ओरडले, ‘‘चपला आत घ्या, कुनीबी न्हील!’’ त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. इतकी गाणी गायलेल्या माणसाने शेवटी चपलांबद्दल बोलावं, याचा मला आजही संताप येतो. आईने त्या चपला पिशवीत घालून मांडीवर घेतल्या आणि ते बाहेर येईपर्यंत खाली ठेवल्या नाहीत.

घरात त्यानंतर जी शांतता आली ती आम्हाला कुणालाच झेपली नाही. अप्पा माझी जुनी पाटी घेऊन बसायचे, काही हवं असलं की लिहायचे, हाक मारायची तर कॉटच्या लोखंडी दांडीवर अंगठी वाजवायचे. चहा गरम असला तरी त्यांना फुंकर घालता येत नसे, बशीत ओतून वाट बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही. दुपारी ते टू-इन-वन लावायचे आणि स्वतःचं गाणं ऐकायचे. पहिला सूर आला की आई बादली उचलून बाहेर जायची. धुणं नसलं तरी जायची. मी एकदा तिला विचारलं, तर म्हणाली, ‘‘आत बसलेला मानूस मुका आन् टेपातला गातोय. माझ्यानं न्हाई ऐकवत.’’

मी तेव्हा माळीवाड्याजवळ एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. शिकवत होते म्हणजे काय, आज रात्री वाचायचं आणि उद्या सकाळी सांगायचं. क्लासच्या ओळखीतून घरी एक कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आमच्या गल्लीत तो पहिलाच, त्यामुळे त्याला बघायला माणसं येऊन चहा पिऊन जायची. कॅसेटींना तोवर बुरशी धरू लागली होती. काही ठिकाणी अप्पांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा. ह्या सगळ्या कॉम्प्युटरमध्ये भरून घेऊ, असं मी म्हटलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा अप्पांचे डोळे हसले.

टू-इन-वनच्या इअरफोनच्या भोकातून एक वायर काढून कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसायची आणि कॅसेट जितकी लांब तितका वेळ बसून राहायचं. खोलीतला आवाज त्या वायरीतून जात नाही, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर कॅसेट चालू असताना कुणी शिंकलं तरी मी डोळे वटारायची. शेजारीण साखर मागायला आली तर अप्पा ओठांवर बोट ठेवून तिला दारातच थांबवायचे. घरात सगळ्यात गप्प असलेल्या माणसानेच दुसऱ्यांना गप्प बसवावं, याचं त्यांना स्वतःलाही हसू यायचं. पडद्यावर आवाजाबरोबर हिरव्या पट्ट्या वरखाली व्हायच्या. वरचा सूर लागला की त्या लाल व्हायच्या. अप्पा स्टूल ओढून त्या पट्ट्या बघत बसायचे. एकदा त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘हा मी?’ मी म्हटलं, हो, हे तुम्हीच. पाटी पुसायला त्यांनी बराच वेळ लावला.

भरलेली फाईल अवाढव्य व्हायची, मग ती आवळून एमपीथ्री करायची, आणि आवळायला गाण्याहून जास्त वेळ लागायचा. पहिली कॅसेट झाली तेव्हा दुसऱ्या मशीनवर ती वाजते का बघायला तिच्या सुरुवातीचा तुकडा मी फ्लॉपीवर घेतला. फ्लॉपीत दीड मिनिटाच्या वर काही मावायचं नाही. क्लासमध्ये तो वाजला. आमचा कॉम्प्युटर जोडून देणारा जोडकामवाला तिथे आला होता, तोही माझ्याकडे बघून मान डोलावत होता. काम बरोबर चाललंय एवढं कळलं आणि मी फ्लॉपी तिथल्याच कपाटात टाकून दिली.

आता ह्या गाण्यांना जपायचं कसं, हे मी त्या जोडकामवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, ‘‘ताई, सी ड्राइव्ह आहे, डी ड्राइव्ह आहे. महत्त्वाचं असेल ते दोन्हीकडे ठेवत जा. सी उडाली तरी डी राहते.’’ मी अक्षरशः तसं केलं. सीमध्ये ‘अप्पा’ नावाचं फोल्डर, डीमध्ये ‘अप्पा’ नावाचं फोल्डर. रोज काम झालं की इकडचं तिकडे कॉपी करायचं आणि दोन्हीकडून एकेक गाणं वाजवून बघायचं. अप्पांनाही मी माउस धरून दाखवलं, की हे बघा, इथे तुम्ही आणि इथेही तुम्ही. त्यांनी दोन बोटं वर करून आईला दाखवली. आई म्हणाली, ‘‘एकच आवरंना, आता दोन.’’

सगळ्या कॅसेटी भरून झाल्या तसं अप्पांच्या मनात भलतंच आलं. गायन पार्टीत असं आहे, की गाणं सोडणाऱ्याने आपल्याजवळचं साहित्य पुढच्याच्या हातात द्यायचं. ते घरात ठेवून घेणाऱ्याला लोक नावं ठेवतात. ऑपरेशननंतर अप्पांनी पेटी दिली होती, झांजा दिल्या होत्या. कॅसेटी तेवढ्या राहिल्या होत्या. त्या आता नव्या गाणाऱ्यांना द्यायच्या, त्यांनी ऐकायच्या, चाली उचलायच्या आणि मग त्यांच्यावरच आपलं गाणं भरायचं, असं त्यांनी ठरवलं. कोरी कॅसेट कुठेही मिळते, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. कोरी देण्यात काय आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. आपल्या गळ्यातलं जिच्यात आहे तीच पुढच्याला द्यायची असते.

‘‘राहू द्या ना अप्पा, कुणाची जागा खातायत?’’

त्यांनी लिहिलं, ‘दोन जागी हाय ना?’

‘‘आहे.’’

‘मग?’

कॅसेटच्या पाठीवर दोन छोटे कान असतात, ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. अप्पांनीच ते एकेक करून मोडले होते, आपला आवाज कुणी पुसू नये म्हणून. आता ते चष्मा लावून बसले आणि प्रत्येक खाच त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावून बुजवली. एप्रिलात आम्ही गावी गेलो. विहारात त्यांनी एकेकाला पुढे बोलावलं, कॅसेट दोन्ही हातांनी दिली आणि गळ्याला बोट लावून मग समोरच्याच्या गळ्याकडे बोट केलं. आता तुझा, असं. माणसं रडत होती आणि अप्पा इतके खूश होते, की परतीच्या एसटीत त्यांनी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीवर अख्खा वेळ ठेका धरला. घरी आल्यावर आईने कॅसेटींची रिकामी पत्र्याची पेटी उघडून बघितली. ‘‘समद्या दिल्या? एकबी न्हाई ठिवली?’’ बादली घेऊन बाहेर जाणारी हीच बाई. मला तेव्हा तिचं आश्चर्य वाटलं होतं.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचा खेळ सुरू झाला. येते, जाते, भपकन येते. एका दुपारी अप्पांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि त्याच्या डब्यातून कट-कट, कट-कट असा आवाज आला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली, की डिस्क सापडत नाही. मी घाबरले नाही. सी गेली असेल, डी आहे, असंच मनात आलं. डबा रिक्षात घालून दुकानात नेला.

जोडकामवाल्याने झाकण उघडलं आणि वहीएवढीही नसेल अशी एक लोखंडी डबी काढून कानाला लावली. म्हणाला, ‘‘गेली ही.’’

‘‘सी ना? डी कुठे असते?’’

‘‘ह्याच्यातच.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘ताई, डिस्क एकच असते. हीच सी, हीच डी. आपण आत भाग पाडतो.’’

‘‘मग सी उडाली तरी डी राहते म्हणालात ते?’’

‘‘ते विंडोज उडण्याचं हो. आख्खी डिस्क जाण्याचं नव्हतं म्हणालो मी.’’

एका कणगीत मधे फळी घालायची आणि दोन कणग्या म्हणायचं, असा तो प्रकार होता. त्याचं शब्दशः खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. मी त्याला इतकं बोलले, की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. तो बिचारा डबी हातात धरून उभा राहिला. पुण्यामुंबईला यातून काही काढणारे असतील का, विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. पुढे दोन ठिकाणी नेऊन दाखवली, दोन्हीकडे नकारच मिळाला.

घरी अप्पा दारातच उभे होते. मी सांगितलं. त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली. माझ्याकडून डबी घेतली, बोटाने तिच्यावर वाजवून बघितलं, जसं इंजिनावर वाजवून बघायचे तसं. तिचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे होते. पुढे पुण्याहूनही ती तशीच परत आली, तेव्हा त्यांनी एक जुना स्क्रूड्रायव्हर कानशीने घासून घासून त्या मापाचा केला आणि ती उघडली. मी अडवलं नाही. आत आरशासारखी लखलखीत गोल चकती. कुठे गंज नाही, काही तुटलेलं नाही. अप्पांनी ती उजेडात फिरवून बघितली. त्यांचा चेहरा तिच्यात स्पष्ट दिसत होता, मानेच्या भोकावरच्या पांढऱ्या फडक्यासकट. मग त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘यात कुठं?’

त्यांनी सगळे स्क्रू पुन्हा जागच्या जागी बसवले आणि हात धुतले.

कॅसेटी शोधायला मी एकटीच निघाले. अप्पांना दिलेलं परत मागायला लावणं मला जमलं नसतं. पाथर्डीला एसटीने, पुढे जीपने, असं दर रविवारी. पहिल्याच गावात एक प्राथमिक शिक्षक भेटला, नव्या पार्टीचा गायक. मला बघून उठून उभा राहिला, चहा सांगितला. कॅसेट म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

‘‘ताई, तिच्यावर माझं झालं की भरून. अप्पांनीच हातानं सांगितलं व्हतं, लाजू नगं, भर म्हनून. मी आधी लई ऐकली पर. पाठ हाय मला समदी.’’

त्याने लावून दाखवली. चांगलं गात होता तो. अप्पांसारखाच ओळीच्या शेवटी थोडा थांबायचा आणि मग सोडायचा. ते ऐकून मला त्याचा दुप्पट राग आला आणि त्याच्या बायकोसमोर मी रडले. श्रीगोंद्याला तेच. खर्ड्याच्या कॅसेटची रीळ डेकमध्ये गुंतून तिचे तुकडे झाले होते, तिथल्या पार्टीने ते तुकडेही सांभाळून ठेवले होते आणि मला पिशवीत घालून दिले. ज्यांनी ज्यांनी घेतल्या होत्या, त्यांनी अप्पांचा शब्द मानला होता. सगळीकडे नवे आवाज भरलेले होते. मी घरी येऊन फक्त ‘नाही’ म्हणायची आणि अप्पा मान हलवायचे. दुपारी आता टू-इन-वन बंदच असायचा. आईला बाहेर जायचं कारण उरलं नाही, पण ती घरात बसूनही काही बोलायची नाही. मला वाटतं, तेव्हा आमच्या घरात तीन माणसं मुकी होती.

दिवाळीआधी क्लासमध्ये साफसफाई निघाली. कपाटातल्या जुन्या फ्लॉप्या तपासून कोऱ्या करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात मी विसरूनच गेलेली, पहिल्या कॅसेटच्या तुकड्याची ती फ्लॉपी निघाली, पाठीवर माझ्याच अक्षरात ‘टेस्ट’ लिहिलेली. मी ती मशीनमध्ये घातली, वाजवली नाही. आधी तीन कॉप्या केल्या. एक क्लासच्या तिजोरीत, एक पर्समध्ये आणि एक मैत्रिणीच्या घरी, केडगावला. तीन वेगळ्या छपरांखाली. एवढी अक्कल मला आली होती. मग रिक्षा करून घरी गेले.

डब्यात नवी डिस्क बसवलेली होती, तिच्यात काहीच नव्हतं. अप्पा स्टुलावर येऊन बसले. आई आत भाकरी थापत होती. मी तिला हाक मारली नाही, उठून जाईल म्हणून. त्या तुकड्यात काय आहे ते मी विसरले होते. गाणं असेल असं धरून चालले होते मी, निदान एखादं कडवं.

गाणं नव्हतं. कॅसेटची अगदी सुरुवात होती ती. आधी खरखर, माणसांची गलबल, कुणीतरी ढोलकी आवळतंय. मग माईकवर टकटक. मग अप्पांचा मोठा, ओरडणारा, वर्कशॉपमधला आवाज. ‘‘हॅलो, हॅलो. अरं ती वायर नीट लाव की. हॅलो. शांत बसा, पोरांना घ्या जवळ.’’ एक खोकला. पेटीचा एक सूर, पुन्हा बंद. अप्पा माझ्या शेजारी इतके स्तब्ध होते, की मानेवरचं फडकं तेवढं श्वासाने हलत होतं.

‘‘मागं ऐकू येतंय का?’’

भाकरी थापायचा आवाज थांबला. मी मागे वळून बघितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चौकटीला टेकून. तिने पिठाने भरलेला हात वर केला होता.

‘‘दिसला, दिसला,’’ कॉम्प्युटरमधले अप्पा म्हणाले. ‘‘आता ऐका.’’ भाता ओढल्याचा आवाज आला आणि तुकडा तिथेच संपला.

हिरव्या पट्ट्या खाली गेल्या. आईचा हात तसाच वर होता. अप्पा स्टुलावर मागे वळले, तिच्याकडे बघितलं आणि दिसला म्हणून मान हलवली.